बेणे, फुटवा आणि कलम: बियांशिवाय झाड कसे वाढते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरज–तासगाव रस्त्यालगत आमची रोपवाटिका आहे. ती सांभाळायला लागण्याआधी मी अकरा वर्षे नववी-दहावीला विज्ञान शिकवत होते. त्यामुळे दारात दोन तऱ्हेची माणसे येतात. एक बाग लावणारी, दुसरी वही घेऊन येणारी. पहिल्यांना पीक हवे असते, दुसऱ्यांना गुण. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच, म्हणून एकदाचे लिहून काढले.

एका वाक्यात सांगा, वनस्पतींचे अलैंगिक प्रजनन म्हणजे काय?

परागकण नाही, बीजांड नाही, फलन नाही. झाडाच्याच एखाद्या भागापासून, म्हणजे खोड, मूळ, पान किंवा कंदापासून, नवे झाड तयार होणे. दोन पालकांचे गुण मिसळत नाहीत, म्हणून नवे झाड जुन्याची हुबेहूब नक्कल असते. परीक्षेला एवढे पुरते.

बाग लावणाऱ्याला मी वेगळ्या शब्दांत सांगते. कलमाचे झाड खरे तर नवे नसतेच. तेच जुने झाड दुसऱ्या जागी उभे राहिलेले असते. आईचा गोडवा त्यात येतो, आईचा रोगही येतो. पुढची निम्मी उत्तरे या एका गोष्टीवरूनच निघतात.

शाकीय प्रजनन आणि अलैंगिक प्रजनन एकच का?

नाही. अलैंगिक हे मोठे घर, शाकीय ही त्यातली एक खोली. स्पायरोगायरा या शेवाळाचे खंडीभवन (तुकडे होऊन वाढणे), नेच्याच्या पानामागे दिसणारे तपकिरी बीजाणूंचे ठिपके, हेही अलैंगिकच. पण खोड, मूळ, पान यांपासून नवे झाड उगवले तरच त्याला शाकीय म्हणायचे. म्युकर ही बुरशी उदाहरणात लिहायची असेल तर लिहा, पण तिला वनस्पती म्हणू नका. दर वर्षी चार-पाच जण म्हणतातच.

बटाटा जमिनीत वाढतो, मग तो मूळ कसा नाही?

घरातला एक जुना बटाटा घ्या आणि निरखून बघा. त्यावरचे डोळे कसेही विखुरलेले नसतात. एका टोकाकडे ते दाट असतात आणि गोल गोल चढत गेल्यासारखे मांडलेले दिसतात, जशी फांदीवर पाने असतात तशीच. प्रत्येक डोळ्याला भुवईसारखी एक रेघ असते. ती पानाची खूण. पान आणि कोंब जिथून फुटतात ते खोड, म्हणून बटाटा हे खोड. रताळ्यावर अशी मांडणी दिसत नाही, ते खरेच मूळ आहे.

खटाव-कोरेगावकडे खरिपात बटाटा लावतात. त्याचे बेणे, म्हणजे लावायचा बटाटा, बहुधा पंजाबातून येते. लोक विचारतात, आपलाच बटाटा पुढच्या वर्षी बेणे म्हणून का नाही ठेवायचा? कारण विषाणू. तिकडच्या थंडीत मावा ही रस शोषणारी कीड कमी असते आणि मावा कमी म्हणजे विषाणूचा प्रसार कमी. आपल्याकडे दोन-तीन हंगाम तेच बेणे फिरवले की पाने मुरडायला लागतात आणि बटाटे गोट्यांएवढे राहतात.

पानफुटीचे पान वहीत ठेवले तर खरेच रोप येते?

येते. पानाच्या कडेला ज्या खाचा असतात त्यात झोपलेल्या कळ्या असतात. पान झाडावर असेपर्यंत त्या बहुधा गप्प असतात. पान तुटून ओलाव्यावर पडले की आठवड्याभरात एकेका खाचेतून पांढऱ्या मुळ्या आणि दोन इवली पाने बाहेर येतात. वहीत पाणी नसते, तरी पान मांसल असल्याने स्वतःच्या ओलाव्यावर ती काही दिवस तग धरतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या भूगोलाच्या वहीत सात रोपे निघाली होती. वही मात्र तपासण्याच्या लायकीची राहिली नव्हती.

असाच प्रकार डोंगरउतारावरच्या घायपाताचा. त्याचा उंच दांडा येतो, फुले गळून गेल्यावर त्याच दांड्यावर छोटी पिल्ले धरतात आणि खाली पडून रुजतात. महाबळेश्वर भागात खातात त्या कारांद्याच्या वेलीला पानांच्या बगलेत लोंबणारे कंदही याच जातीतले.

सांगलीत एवढी हळद पिकते, पण हळदीचे बी कुणी पेरताना दिसत नाही. का?

हळदीला फूल येते, पण बी धरणे फार विरळ. आपण लावतो त्या हळदीत गुणसूत्रांचे तीन संच असतात. पेशी विभागताना त्यांच्या नीट जोड्या लागत नाहीत, म्हणून परागकण आणि बीजांडे बहुतेक वांझ. केळीत बी नसते त्यामागेही हेच तिहेरी गणित आहे.

म्हणजे राजापुरी काय, सेलम काय, हळदीचा वाण कोणताही असो, माणसाने पिढ्यान्‌पिढ्या गड्डा खणून पुन्हा लावला म्हणूनच ती टिकली. झाडाच्या बुडाशी असतो तो जेठा गड्डा, त्याला बगलेतून फुटतात ते बगल गड्डे, आणि त्यांना लागलेली बोटांसारखी हळकुंडे. बेण्याला जेठा गड्डा सर्वांत चांगला, कारण त्यात अन्नसाठा मोठा. पन्नास ग्रॅमच्या वरचा, निरोगी, सुप्तावस्था संपून डोळे फुगलेला गड्डा घ्या. हेक्टरी साधारण २५ क्विंटल बेणे लागते. लागण अक्षय्य तृतीयेच्या आसपास सुरू होते. मिरज तालुक्यातल्या कसबे डिग्रजला हळदीचे संशोधन केंद्र आहे. फुले स्वरूपा हा वाण तिथलाच.

हरिपूरच्या पेवांबद्दलही मुले विचारतात. जमिनीत खणलेल्या त्या पेवांत ठेवायची ती शिजवून वाळवलेली हळद, विक्रीची. शिजवलेला डोळा मेलेला असतो, तो उगवत नाही. बेणे सावलीत, वेगळे, कच्चेच ठेवतात. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दहावीच्या मुलांनी हे उत्तरात घुसडू नये, प्रश्न प्रजननाचा आहे.

उसाला तुरा येतो. त्यात बी असेल ना? मग कांड्याच का लावायच्या?

असते. तुऱ्याच्या कापसात अगदी बारीक बी असते, नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाही. पण आपल्या हवेत ते फारसे रुजत नाही. आणि समजा रुजले तरी त्यातून येणारे प्रत्येक रोप वेगळे: एकाची साखर जास्त, एकाचे कांडे बारीक, एक लोळणारे. शंभर रोपे म्हणजे शंभर वाण.

नव्या वाणाची पैदास करणाऱ्याला नेमका हाच गोंधळ हवा असतो. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत १९१२ पासून हेच काम चालते. दोन ऊस तुऱ्यावर आणून संकर करायचा, हजारो रोपे वाढवायची, त्यातले बहुतेक फेकून द्यायचे. जे एखादे हाती लागते ते मग कायम कांडीनेच वाढवायचे. आपल्या 'को ८६०३२' मधला 'को' म्हणजे कोइमतूर. फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या संशोधन केंद्राने दिलेला 'फुले २६५' हाही याच वाटेने आलेला. तेव्हा सांगली-साताऱ्यात एकरामागून एकर उभा असलेला ८६०३२ म्हणजे खरे तर एकच झाड, ज्याचे तुकडे करून करून सगळीकडे लावले आहेत. मला तरी हे दर वेळी सांगताना जरा अंगावर येते.

टिपरी, म्हणजे उसाची लावायची कांडी, कशी ठेवायची हेही इथेच सांगते, कारण रोज कुणीतरी विचारते. एक डोळ्याची असेल तर डोळा वर. दोन डोळ्यांची असेल तर डोळे दोन्ही बाजूंना, एक खाली गेला तर त्याचा कोंब वळसा घेत वर येतो आणि मागे पडतो. बेणे नऊ ते अकरा महिन्यांचे घ्या. तोडणीला आलेल्या जून उसाचे डोळे कडक झालेले असतात, त्याची साखर कारखान्याला द्या.

"बेणं थकलं" असे म्हातारी माणसे म्हणतात. झाड खरेच थकते का?

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. पुस्तकात तो नसतो.

आमचे आण्णा, म्हणजे माझे सासरे, हा शब्द कायम वापरायचे. पहिल्या वर्षी जो ऊस मनगटाएवढा होता तोच सहाव्या-सातव्या वर्षी अंगठ्याएवढा झाला की म्हणायचे, "थकलं बघ." मी नवीन होते, सून म्हणून गप्प बसले, पण मनात म्हटले, पेशी तर तेवढीच ताजी आहे, थकेल कशी?

थकत काहीच नाही, साचत जाते. बियांमधून झाडाचे बरेचसे रोग पुढच्या पिढीत जात नाहीत, बी ही एक चाळणी असते. कांडीला ती चाळणी नाही. गवताळ वाढ, काणी, वेगवेगळे विषाणू टिपरीत बसून पुढच्या लागणीला येतात, दर वर्षी थोडे अधिक. म्हणून उपाय 'नवा वाण आणा' हा नसून 'त्याच वाणाचे स्वच्छ बेणे आणा' हा आहे. बेणे मळ्यासाठीच्या उसावर बाष्पयुक्त उष्ण हवेची प्रक्रिया करतात: ५४ अंश सेल्सिअसला अडीच तास. एवढ्या तापात गवताळ वाढीचा रोगजंतू मरतो आणि डोळा जगतो. मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशा तीन पायऱ्यांनी बेणे वाढवत शेतकऱ्यापर्यंत आणायचे आणि तीन-चार वर्षांनी बदलायचे.

आण्णांचा शब्द चुकीचा असेल, निरीक्षण शंभर टक्के बरोबर होते.

खोडवा म्हणजे नवीन झाड का?

तसे नाही. तोडलेल्या उसाच्या जमिनीतल्या बुडख्यावर डोळे उरतात, ते फुटतात. जागा तीच, गड्डा तोच. त्याला प्रजनन म्हणण्यापेक्षा पुनर्जनन म्हणा. निडव्यालाही, म्हणजे खोडव्यानंतर त्याच बुडख्यावर घेतलेल्या पिकालाही, तेच उत्तर.

हरळी कितीही नांगरली तरी का जात नाही?

कारण नांगरून तुम्ही तिची लागण करता. हरळीच्या जमिनीलगतच्या आणि जमिनीखालच्या खोडाला पेरापेराला डोळा असतो. फाळाने एका दोराचे वीस तुकडे झाले की वीस रोपे. लव्हाळ्याच्या काळ्या गाठी साखळीने खोल जोडलेल्या असतात, वरून उपटले की साखळी तुटते आणि तुटलेली प्रत्येक गाठ जागी होते. उन्हाळ्यात खोल नांगरून, काशा (जमिनीतली खोडे) वेचून, उरलेल्या उन्हात तडकू देणे हा जुना उपाय आजही बरा. कृष्णेतले केंदाळही असेच. एका रोपाला आडव्या दांडीवर पिल्लू, पिल्लाला पिल्लू.

पानमळ्यात वेलीची 'उतरण' करतात. ते कशासाठी?

आरग, बेडग, नरवाडच्या वाचकांनी हे उत्तर वाचू नये, त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बाकीच्यांसाठी:

खाऊच्या पानाची वेल शेवरी, शेवगा, पांगारा अशा आधारावर चढवतात. पाने खालून खुडत गेले की खालची वेल उघडी पडते आणि नवे पान हाताबाहेर उंच जाते. मग वेल आधारावरून सोडवतात, उघड्या भागाचे वेटोळे करून बुडाशी मातीत दाबतात आणि शेंडा पुन्हा आधाराला बांधतात. दाबलेल्या प्रत्येक पेराला मुळ्या फुटतात, वेलीला नवा जोर येतो. पुस्तकात ज्याला दाब कलम म्हणतात तेच हे. फरक एवढाच की पुस्तकात रोप वेगळे करायला दाबतात, आपल्याकडे वेल तरुण ठेवायला. शिवाय पानवेलीत नर आणि मादी वेल वेगळ्या असतात, त्यामुळे मळ्यात बियांचा प्रश्नच येत नाही. नवा मळाही वेलीच्या तुकड्यांनीच लागतो.

स्ट्रॉबेरीच्या अंगावर एवढ्या बिया असतात, तरी महाबळेश्वरला रोपे का आणतात?

बियांपासून येणारी स्ट्रॉबेरी आईसारखी निघत नाही, सगळे उसाच्या तुऱ्यासारखेच. म्हणून धावत्या फांदीचा उपयोग. मोठा दिवस आणि ऊब मिळाली की स्ट्रॉबेरी दोरासारख्या फांद्या सोडते, पेराला रोप धरते. दिवस लहान आणि हवा गार झाली की तिचे लक्ष फुलाकडे वळते. एकाच झाडाच्या या दोन मनःस्थितींवर सगळे वेळापत्रक बसलेले आहे. मातृरोपे परदेशातून येतात, पाऊस बेताचा असलेल्या खालच्या भागात, वाईच्या बाजूला, पावसाळ्यात त्यांची धावती रोपे पिशवीत धरतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात ती महाबळेश्वर-पाचगणीच्या गादीवाफ्यावर जातात. स्वीट चार्ली आणि विंटर डॉन मूळच्या फ्लोरिडाच्या, कॅमरोसा कॅलिफोर्नियाची. मानांकन मात्र महाबळेश्वरचे, २०१० पासूनचे. ते वाजवीच आहे, चव हवा-मातीचीही असते.

घरी जास्वंद, गुलाब, शेवगा काडीने लावायचा आहे. काडी नेहमी वाळते. काय चुकते?

बहुतेकदा तीनपैकी एक. काडी कोवळी किंवा फार जून घेतली. पाने तशीच ठेवली. किंवा रोज उपसून "मुळी आली का" बघितले. तिसरी चूक सर्वांत मोठी.

पेन्सिलीएवढी जाड, वीतभर काडी घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका, वरचा सरळ. म्हणजे उलट-सुलट कळते आणि डोळ्याजवळून मुळ्या लवकर येतात. पाने काढा किंवा अर्धी कापा, कारण मूळ नसताना पान पाणी उडवत राहते. निम्मी काडी मातीत, दोन डोळे वर, सावलीत. आषाढ-श्रावण उत्तम. शेवग्याचा मात्र हाताएवढा जाड, तीन-चार फुटांचा फाटा लावा आणि पाणी बेतानेच द्या, नाही तर कुजतो. वर कोंब फुटला म्हणजे खाली मूळ आले असे समजू नका. काडी आपल्या साठ्यावर पंधरा दिवस फुटू शकते आणि मग माना टाकते.

कढीपत्त्याला एवढाही खटाटोप नको. जुन्या झाडाभोवती खुरपणी करताना मूळ दुखावले की तिथून पिल्लू येते. मुळासकट काढून लावा.

डाळिंबाची गुटी कशी बांधतात? साल काढली तर फांदी मरत नाही का?

मरत नाही, हीच तर गंमत. पाणी मुळाकडून पानाकडे आतल्या लाकडातून जाते, पानात तयार झालेले अन्न सालीतून खाली येते. एक इंच रुंदीची साल गोल काढली की वरून अन्न येणे थांबते, खालून पाणी जाणे चालू राहते. अन्न आणि मुळ्या फुटवणारी संजीवके कापाच्या वरच्या ओठाशी तुंबतात आणि तिथून मुळ्या फुटतात. साल काढल्यावर लाकडावरचा बुळबुळीत थर नीट खरवडा. तो राहिला तर झाड जखम भरून काढते आणि मुळी देत नाही. मग ओले शेवाळ, वर प्लास्टिक, दोन्ही टोके घट्ट. पावसाळ्यात दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून मुळ्या पांढऱ्या दिसतात, त्या तांबूस होऊ लागल्या की कापा.

आता एक रडगाणे. बऱ्याच वर्षांपूर्वी आटपाडीच्या बाजूला आमच्या माहेरच्या शेतात भगवा या डाळिंबाच्या वाणाच्या दोनशे गुट्या लावल्या. रोपे स्वस्त मिळाली, भावाने घाई केली, मी पाने उलटी करून न बघता होकार दिला. पहिल्या पावसातच पानांवर तेलकट डाग. फळांवर पुढच्या वर्षी तेल्या असा उमटला की फळे इंग्रजी वाय किंवा एलच्या आकारात तडकली. हा जिवाणूजन्य रोग हवेने आणि पावसानेही पसरतो, पण आमच्याकडे तो पिशवीत बसून आला होता. झाडे उपटून जाळली. दादा अजून म्हणतो, "शिकलेली होतीस ना गं तू?"

द्राक्षाला जंगली खुंट का लावतात? सरळ काडी लावली तर?

खुंट म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम बांधतात ते खालचे झाड. पूर्वी सरळच लावायचे. छाटणीची काडी रोवली, बाग उभी राहिली. थॉम्पसन या द्राक्षाच्या वाणाच्या स्वतःच्या मुळांना भरपूर गोड पाणी मिळायचे तोवर ठीक चालले. पाणी कमी पडू लागले, जमिनीत क्षार वाढले, तशा बागा बसू लागल्या. मग डॉगरीज हा अमेरिकी खुंट आला. त्याची मुळे कोरडे आणि खारेपण सोसतात. तासगाव-कवठेमहांकाळकडे आज नवी बाग बहुधा खुंटावरच लागते.

ही युक्ती मात्र जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या द्राक्षबागा फायलोक्झेरा नावाच्या मुळावरच्या किडीने बसल्या. कीड अमेरिकेतून आलेली, तेव्हा तिला सोसणारी मुळेही अमेरिकेतलीच, या विचाराने अमेरिकी खुंटावर फ्रेंच द्राक्ष बांधले आणि बागा वाचल्या.

आमच्याकडे काम असे होते. फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला खुंट लावतात. ऑगस्ट-सप्टेंबरात हवा दमट आणि उबदार असताना पाचर कलम. खुंट जमिनीपासून फूटभरावर आडवा कापायचा, मधोमध इंच-दीड इंच चीर. काडी दोन डोळ्यांची, तिच्या बुडाला दोन्हीकडून सरळ काप देऊन पाचर करायची. बांधणारा पोरगा नवीन ब्लेड घेतो आणि एका ओढीत काप घेतो. दुसऱ्यांदा ब्लेड फिरवले की काप खडबडीत होतो आणि फट राहते. कापावर बोट लावायचे नाही. पाचर चिरेत बसवताना नजर एकाच जागी असते: सालीच्या आतली हिरवट कड खुंटाच्या कडेला लागली का? त्याच पातळ थरातल्या पेशी वाढतात आणि दोन्हींना सांधतात. काडी बारीक असेल तर मधोमध बसवायची नाही, एका बाजूला सरकवून निदान एक कड जुळवायची. मग प्लास्टिकची पट्टी खालून वर ताणून. पाणी आत गेले की संपले. पंधरा-वीस दिवसांत डोळा कापसासारखा फुगतो.

आता 'नक्कल' या शब्दाला अपवाद. तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसनच्या बागेत वेगळी दिसणारी वेल हेरली, तिची काडी वाढवली, ती तास-ए-गणेश. तासगावचा तास आणि तिथल्या गणपतीचा गणेश. डोळ्यातल्या एखाद्या पेशीत आपसूक बदल होतो आणि त्या डोळ्याची फांदी वेगळी निघते. सोलापूरच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांची सोनाका हीही थॉम्पसनमधूनच निवडलेली. हजार वेली एकसारख्या असतात तेव्हाच एक वेगळी असलेली नजरेत भरते, पण नजर लागते.

कलमाच्या आंब्याला खालून जोमदार फुटवा आलाय. ठेवू का?

नाही, आजच काढा. सांध्याच्या खालचे सगळे खुंटाचे असते. तो रायवळ फुटवा वरच्या कलमाचे अन्न खातो आणि तीन-चार वर्षांत केसर गडप, रायवळ उभा. मग लोक आमच्याकडे येऊन "तुम्ही फसवलंत" म्हणतात.

कोणत्याही झाडावर कशाचेही कलम होते का?

नाते लागते. चिकू खिरणीवर बसतो, दोघे एकाच कुळातले. मोसंबीचा डोळा जंभेरी या लिंबाच्या जातीवर भरतात. आंब्यावर पेरू कधीच नाही, कुणी व्हिडिओत दाखवला तरी नाही. ऊस, केळी, नारळ या एकदलींना सालीखाली तो वाढता थर नसतो, म्हणून त्यांचे कलम शेतात होत नाही. प्रयोगशाळेत भ्रूणावस्थेतल्या एकदलींचे कलम शास्त्रज्ञांनी जमवले आहे, पण ते आपल्या ब्लेडचे काम नाही.

कागदी लिंबू बियांपासून लावतो, तरी ते आईसारखेच का निघते?

हा सगळ्यांना चकवणारा प्रश्न. लिंबाच्या एका बीतून पुष्कळदा दोन-तीन रोपे येतात. त्यातले एखादे फलनातून आलेले, बाकीची बीजांडातल्या आईच्याच पेशींपासून. म्हणजे बी असूनही प्रजनन अलैंगिक. सहसा कमजोर, वेगळे दिसते ते फलनाचे. ते उपटायचे आणि एकसारखी, जोमदार रोपे ठेवायची.

ऊतिसंवर्धित केळी 'इंजेक्शनची' असते का?

नाही. मुनव्याच्या, म्हणजे केळीच्या बुडाशी येणाऱ्या फुटव्याच्या, आतला शेंड्याचा बारीक भाग निर्जंतुक करून काचेच्या बाटलीत, साखर, क्षार आणि संजीवके घातलेल्या आगराच्या थरावर वाढवतात. त्याला फुटवे येतात, ते वेगळे करून पुन्हा बाटलीत, मग मुळ्या आणून बाहेर. अगदी टोकाच्या वाढत्या भागात विषाणू सहसा पोहोचलेला नसतो, म्हणून स्वच्छ रोप मिळू शकते. गोम एवढीच की बाटलीतले रोप लाडावलेले असते. शेडनेटमध्ये काही आठवडे कणखर न करता शेतात नेले तर दोन उन्हांत झोपते.

सगळी बाग एकाच वाणाची असली तर बिघडते काय?

रोग आला की सगळ्यांना सारखाच येतो. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्यावर करपा आला तेव्हा गरिबांच्या शेतात मुख्यतः लंपर हा एकच वाण होता. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली, तितकीच देश सोडून गेली. केळीत ग्रो मिशेल ही जात पनामा रोगाने विसाव्या शतकाच्या मध्याला बाजारातून गेली आणि तिच्या जागी कॅव्हेंडिश गटातली केळी आली. आपली जी-नाइन त्याच गटातली, म्हणजे पुन्हा एकच. जमेल तर दोन वाण लावा. ऊसवाल्यांना हे पटत नाही, मी सांगत राहते.

आजोबांनी लावलेला आंबा पडायला आलाय. त्याची कोय लावली तर तोच आंबा येईल का?

कोयीतून त्याचे मूल येईल, तो येणार नाही. तो हवा असेल तर काडी आणा. झाड अर्धे वाळले असले तरी हिरव्या फांदीवर तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी, टोकाचा डोळा टपोरा असलेली काडी निवडा. आठ-दहा दिवस आधी तिची पाने देठ ठेवून कापा, म्हणजे डोळा फुगतो. जून ते ऑगस्टमध्ये आम्ही रायवळच्या कोया रुजवलेल्या असतात. तांबूस पानांच्या, पंधरा दिवसांच्या कोवळ्या रोपावर ती काडी पाचरीने बांधतो. त्याला कोय कलम म्हणतात. दहापैकी दहा जगणार नाहीत, म्हणून दहा-बारा काड्या आणा. ओल्या फडक्यात गुंडाळून, वर प्लास्टिक लावून, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. आणि काड्या आणताना शेंडे मोडू नका. गेल्या पावसाळ्यात कडेगावकडचे एक काका सगळे शेंडे खुडून, नीट एका मापाच्या काड्या करून, रबर लावून घेऊन आले होते. त्यांना परत पाठवावे लागले. चार दिवसांनी पुन्हा आले, या वेळी फांदीच आणली होती, चांगली सहा फुटांची, एसटीच्या टपावरून.